कुटुंबप्रमुखाची सही

भिंगताईला कंपनीशी भांडायचं नव्हतं. भांडायला अंगात जोर लागतो, आणि तिचा सगळा जोर दिवसभर काचांवर खर्च होत असे. तिचं म्हणणं एवढंच होतं की पगार आजवर जसा बँकेत तिच्या नावावर पडत आला तसाच पडावा, आणि त्याचं पुढे काय करायचं ते तिचं तिने बघावं. पण हे ‘एवढंच’ काही कंपनीच्या घशाखाली उतरेना.

कंपनी चष्म्याच्या काचा बनवायची. ताई पॉलिशच्या खात्यात होती. फिरत्या थाळीवर पांढरट लगदा सोडायचा, त्यावर काच दाबून धरायची, धुवायची, पुसायची आणि दिव्यासमोर धरून रेघ आहे का, बुडबुडा आहे का ते पाहायचं. वर्षानुवर्षं हेच केल्यामुळे घरी पाण्याचा पेला हातात आला तरी ती तो आधी उजेडाकडे धरायची. शेजारच्या बाकावरच्या बुटकीने एकदा ते पाहिलं आणि तिचं नाव भिंगताई पाडलं. ते चिकटलं. बुटकी ही खरं तर खात्यातली सगळ्यात उंच बाई. तिचं नाव कुणी पाडलं आणि का, हे आता कुणालाच सांगता आलं नसतं.

त्या वर्षी कंपनीने ‘आपलं कुटुंब’ नावाची योजना काढली. कँटीनमधली टेबलं भिंतीला लावून सगळ्यांना ओळीत उभं केलं. मंचावर कंपनीची मॅनेजरबाई होती, आणि तिच्या शेजारी सरकारी नोंदणी कचेरीचे मोठे साहेब. आपलं शहर योजनेत शंभर टक्के आलं पाहिजे असं त्यांना वरून सांगून आलं होतं, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मॅनेजरबाई वयाने लहान, आवाजाने मऊ. तिने सगळं नीट समजावून सांगितलं. यापुढे पगार कंपनीच्या कार्डावर जमा होणार. कार्ड कंपनीच्या भांडारात, दवाखान्यात आणि शाळेत चालणार. रोख लागली तर कारण सांगून खात्याच्या साहेबांची परवानगी घ्यायची. राहायला कंपनीचा फ्लॅट. कुणाचा बाहेर काही जोडधंदा असेल तर तो बंद करायचा, कारण कुटुंबातल्या माणसाला बाहेर हात पसरायची वेळ येणार नाही.

“आणि योजना ऐच्छिक आहे,” मॅनेजरबाई म्हणाली. मग साहेबांकडे बघून पुन्हा म्हणाली, “पूर्णपणे ऐच्छिक.”

“दोनदा म्हणाली,” बुटकी ताईच्या कानाशी पुटपुटली. “म्हणजे बघ आता.”

बघता बघता खात्यातले सगळे योजनेत गेले. बुटकीही गेली. तिच्या पदरात दोन मुलं आणि अंथरुणाला खिळलेली सासू. कंपनीचा डॉक्टर घरी येणार म्हटल्यावर ती काय करणार? ताईने तिला एका शब्दाने बोल लावला नाही. बुटकी मात्र दोन दिवस उगाचच तिची नजर चुकवत होती.

ताई गेली नाही. का नाही, हे तिला कुणासमोर धड मांडता येत नसे. तिचा बाप वीटभट्टीवर होता आणि त्यांचं बिऱ्हाड मालकाच्या खोलीत. तिच्या आईला भिंतीत एक खिळा ठोकायचा होता, आरसा टांगायला. मुकादमाला विचारावं लागेल, बाप म्हणाला. मुकादम म्हणाला, मालकाला विचारतो. तो आरसा पुढे कित्येक वर्षं जमिनीवर भिंतीला टेकून उभा होता, आणि आई वेणी घालायला त्याच्यासमोर उकिडवी बसायची. पुढे बापाची पाठ गेली, तेव्हा खोली संध्याकाळपर्यंत रिकामी करावी लागली. पण ताईच्या मनात घर करून राहिला तो खिळाच. कमावती झाल्यावर तिने पै पै जोडून चावीवाल्याच्या दुकानावरची एक खोली स्वतःच्या नावावर घेतली आणि पहिल्याच दिवशी तिच्या चारही भिंतींत हौसेने खिळे ठोकले. टांगायला काही नव्हतं तरी ठोकले. खाली चावीवाला ओरडत होता, “अहो बाई, माळा पाडताय का माझा?”

त्या खोलीत तिने कडा घासायचं एक जुनं यंत्र आणून बसवलं होतं. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी ती तिथे बसून लोकांचे चष्मे दुरुस्त करायची. तुटलेली काडी, हरवलेला स्क्रू, नाकावर रुतणारी गादी, ओरखडे पडलेली काच. त्यात फार मिळकत नव्हती. पण तिथे बसलं की तिला ‘लवकर’ म्हणणारं कुणी नव्हतं आणि ‘कशाला’ म्हणणारंही कुणी नव्हतं. नवऱ्यानेही त्या खोलीचा हिशेब कधी विचारला नाही. तो स्वभावाने गरीब माणूस होता. नोंदणी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसायचा. आलेल्या प्रत्येक कागदावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा आणि पुढे सरकवायचा. ‘आपलं कुटुंब’ योजनेच्या संमत्याही त्याच्याच टेबलावर येत होत्या.

सुरुवातीला मॅनेजरबाईने ताईला गोडीगुलाबीने केबिनमध्ये बोलावलं.

“ताई, तुम्ही सगळ्यात जुन्या. तुम्ही पुढे यायला हवं होतं. काही शंका आहे का?”

“शंका नाही. मला नको आहे.”

“पण नको म्हणण्यासारखं त्यात आहे काय?”

“काहीच नाही. चांगलंच आहे सगळं. मला आपलं आहे तेच बरं आहे.”

“हे काही कारण झालं नाही, ताई.”

“ऐच्छिक आहे ना?” ताईने विचारलं. तिला टोमणा मारायचा नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. पण बाईचा चेहरा ताठ झाला.

पुढच्या आठवड्यात ताईला पॉलिशवरून काढून ट्रे धुवायच्या हौदावर पाठवलं. वयामुळे तिच्या नजरेवर ताण नको, असं कारण दिलं. दिवसभर सोड्याच्या पाण्यात हात. बोटांची सालं निघायला लागली. घरी आल्यावर तिला नवऱ्याच्या शर्टाला बटण लावता येत नसे. मग एक दिवस कचेरीकडून एक इन्स्पेक्टर तिच्या खोलीवर आला. परवाना पाहिला, तो होता. मग त्याने जिना मोजला आणि जिना अरुंद आहे म्हणाला.

“हा जिना माझ्या आजोबांच्या वेळचा आहे, साहेब,” चावीवाला खालून म्हणाला. “आजवर सगळे याच जिन्याने चढले, उतरले. तुम्हीसुद्धा आत्ता त्यानेच आलात.”

इन्स्पेक्टर हसला नाही. जिना रुंद करा, नाहीतर खोलीला सील लागेल, एवढं सांगून निघून गेला. ताईने सुतार बोलावला. सुताराने कठडा काढून बाहेरच्या बाजूने बसवला आणि वीतभर जागा काढून दिली. तिने ते सगळं निमूटपणे केलं. राग येण्याइतकीही ताकद तिच्यात उरली नव्हती. रोज सकाळी उठताना तिला वाटायचं, आज कुणी काही विचारलं नाही म्हणजे मिळवली.

पण घरचीच माणसं विचारायला लागली.

तिची लेक आणि जावई त्याच कंपनीत होते. लेक पॅकिंगमध्ये, जावई मशीनवर. योजनेत पहिल्या झटक्यात गेलेल्यांत ते होते. एका सुट्टीला लेकीने आईला फ्लॅट बघायला बोलावलं. ताई गेली. चौथा मजला, लिफ्ट, दोन्ही बाजूंनी उजेड, न्हाणीघरात चोवीस तास गरम पाणी. ताईने गरम पाण्याच्या नळाखाली आपली सोलवटलेली बोटं धरली आणि थोडा वेळ तशीच उभी राहिली. खोटं कशाला बोला, तिला हेवा वाटला.

“बघितलंस?” लेक चहा ओतत म्हणाली. “काय वाईट आहे यात?”

“काही नाही गं. छान आहे.”

“मग? आई, ह्यांचं सुपरवायझरसाठी नाव पुढे गेलंय. वरचे विचारतात, तुमच्या सासूबाईच योजनेत नाहीत, असं कसं? ते घरी येऊन मला काही बोलत नाहीत. पण मला कळतं ना.”

ताई काही बोलणार तेवढ्यात दाराचं कुलूप बाहेरून फिरलं आणि कंपनीच्या गणवेशातला एक माणूस स्वतःच्या किल्लीने दार उघडून आत आला. “मीटर बघायचाय,” म्हणाला आणि चपला न काढता स्वयंपाकघरात गेला. कपाट उघडल्याचा आवाज आला, बंद केल्याचा आला. परत जाताना त्याने बैठकीतल्या दिव्याकडे पाहिलं. “दिवसाउजेडी दिवा कशाला?” असं म्हणून बटण बंद केलं आणि गेला.

लेकीने मान वर करूनही पाहिलं नव्हतं. ती बशीत बिस्किटं मांडत होती.

“हा कोण?” ताईने विचारलं.

“कंपनीचाच आहे, आई,” लेक म्हणाली. आईने असं का विचारावं हेच तिला समजलं नाही.

ताईने चहा संपवला. तिला पुष्कळ बोलायचं होतं. पण पोरीचा चेहरा इतका निर्धास्त होता की तिच्याच्याने बोलवेना. येताना ती लिफ्टने उतरली नाही, जिन्याने उतरली.

नवरा त्या दिवसांत आणखीच गप्प झाला होता. एकदा जेवताना म्हणाला, “आज मोठ्या साहेबांनी बोलावलं होतं. म्हणाले, संमत्या तुमच्या टेबलावर येतात आणि तुमच्याच घरची येत नाही. लोक हसतात.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“काय म्हणणार? म्हणालो, विचारतो.”

“विचारा मग.”

“विचारतोय की,” तो पानाकडे बघत म्हणाला.

“मग नाही,” ती म्हणाली. विषय तिथे संपला असं तिला वाटलं.

पगाराचा दिवस आला. ताई दुपारच्या सुट्टीत बँकेत गेली तर खात्यावर काही जमा नाही. बँकेतली मुलगी म्हणाली, कंपनीकडूनच आलं नाही. परत आली तर हौदाच्या कठड्यावर तिच्या नावाचं पाकीट. आत निळं चकचकीत कार्ड. त्यावर तिचा फोटो, कंपनीत लागली तेव्हाचा.

ती ओल्या हातांनीच केबिनमध्ये गेली.

“मी कुठे सही केली?”

“तुमची लागत नाही, ताई,” मॅनेजरबाई म्हणाली. आज तिचा आवाज पुन्हा मऊ झाला होता. “कुटुंबप्रमुखांची संमती आली की सगळं घर आत येतं. नियमच आहे तसा. अभिनंदन.”

“दाखवा.”

बाईने कागद फिरवून तिच्यापुढे धरला. ताईला वाचायची गरज पडली नाही. शेवटच्या अक्षराखाली शेपटासारखी ओढलेली ती रेघ तिने आयुष्यभर पाहिली होती. लेकीच्या प्रगतिपुस्तकावर, घरभाड्याच्या पावत्यांवर, लग्नाच्या नोंदीवर. ती नवऱ्याची सही होती.

त्या संध्याकाळी ती खोलीवर गेली नाही. सरळ घरी जाऊन स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून राहिली. नवरा आला, त्याने दिवा लावला, तिच्याकडे पाहिलं आणि डबा ओट्यावर ठेवता ठेवता खाली बसला.

“कळलं तर,” तो म्हणाला.

ताईने कार्डाचं पाकीट काढून दोघांच्या मधे ठेवलं.

“साहेब रोज बोलावत होते गं. बदली करतो म्हणाले. तिकडे लांब, नदीपलीकडच्या कचेरीत. या वयात मी एकटा कुठे जाऊ? कागद माझ्याच टेबलावर होता. वाटलं, एकदाची सही केली की सगळे गप्प बसतील. तुलाही बरं होईल, हौदावरून उठवतील. मी थकलो होतो.”

“मीही थकलेय,” ताई म्हणाली. “पण मी तुमची सही केली नाही.”

तिने भात लावला. दोघं जेवली. दोन पानं वाढली, दोन पानं उचलली, बस्स.

कार्ड तिने पाकिटातून पुन्हा काढलं नाही. कामावर जात राहिली, ट्रे धूत राहिली, आणि त्या मेहनतीचे पैसे त्या निळ्या कार्डात पडून राहिले. दुसऱ्या पगाराचेही तसेच पडले. तिचा खर्च आता खोलीवर चालत होता. तीही आता चोरीची झाली होती, कारण योजनेत आल्यावर जोडधंदा बंद. ती खिडकी लावून घ्यायची. यंत्राचा आवाज होऊ नये म्हणून कडा हाताने, कानसेने घासायची. एका चष्म्याला संध्याकाळ जायची. चावीवाला जिन्याखाली बसून अनोळखी माणूस दिसला की मोठ्याने खोकायचा. त्याला खरोखरच दमा होता, त्यामुळे खरा खोकला कुठला आणि इशाऱ्याचा कुठला हे ताईला कळत नसे आणि ती प्रत्येक वेळी हातातलं लपवायची.

“हे असं किती दिवस?” बुटकीने हौदाशी येऊन विचारलं. “घे की ते कार्ड. पैसे तुझेच आहेत.”

“माझे असते तर विचारावं लागलं असतं का, कुठे खर्च करू म्हणून?”

बुटकीने एक धुतलेला ट्रे उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाली, “मी परवा आईला पाठवायला रोख मागितली. खात्याचे साहेब म्हणाले, आईला कशाला, तिचा मुलगा नाही का? आता माझ्या भावाची कुंडली त्याला सांगत बसू का मी?” ती हसली. पण हसू मधेच अडकलं.

घरात ताई आणि नवरा एकमेकांशी कामापुरतं बोलत. दूध आलं का. किल्ली कुठे आहे. तो रोज काहीतरी बोलायला तोंड उघडायचा आणि मिटायचा. ताईला त्याची कीव यायची आणि कीव येते म्हणून स्वतःचाच राग यायचा.

मग एका संध्याकाळी तो घरी न जाता खोलीवर आला. जिना चढताना मधे दोनदा थांबला, तिने आवाजावरून ओळखलं. आत येऊन दाराशीच बसला.

“साहेबांनी आज सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं,” तो म्हणाला.

“बरं झालं.”

“ऐक तर. म्हणाले, यांच्याकडून शिका, घरचं माणूस असं आवरावं लागतं. मग मला आत बोलावलं. अजून ज्या बायका अडून बसल्यात त्यांची नावं मला दिली. म्हणाले, यांच्या नवऱ्यांना जाऊन भेटा, बापांना भेटा, भावांना भेटा. तुमचं उदाहरण सांगा. तुम्ही कशी केलीत सही ते सांगा.” तो थांबला. “त्यात ती बुटकीची धाकटी जाऊ आहे. आपल्या गल्लीतली, कंपनीत जाऊन घरी शिवण करणारी आहे. मी त्यांच्या घरी जाऊन काय सांगू? माझ्या बायकोला न विचारता मी सही केली, तुम्हीही करा, असं?”

ताईने कानस खाली ठेवली. बऱ्याच दिवसांनी तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याच्या शर्टाची कॉलर विरली होती. तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

“मग काय म्हणालात?” तिने विचारलं.

“विचारतो म्हणालो,” तो म्हणाला आणि दोघांनाही एकदम हसू आलं. फार नाही, पण आलं.

ताईने त्याला काही कर म्हणून सांगितलं नाही. पुढे जे झालं ते त्याने तिला नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी कचेरी उघडल्यावर त्याने आपल्या हाताने अर्ज लिहिला, की कुटुंबप्रमुख म्हणून दिलेली संमती मी मागे घेतो, कारण ती द्यायचा मला अधिकार नव्हता. मग उठून टेबलाच्या पलीकडच्या बाजूला गेला, जिथे लोक उभे राहतात, आणि अर्ज टेबलावर ठेवला. पुन्हा अलीकडे येऊन खुर्चीत बसला, अर्जावर आवकचा शिक्का मारला, नंबर टाकला, रजिस्टरात नोंद केली आणि साहेबांच्या ट्रेमध्ये सगळ्यात वर ठेवला. दिलेली नावं त्याखाली ठेवली, कुणाकडेही न जाता.

साहेबांनी त्याला लगेच आत बोलावलं.

“तुमचाच अर्ज, तुम्हीच आवक केलात?”

“टेबल माझंच आहे, साहेब.”

“मागे घ्या. अजून वेळ आहे.”

“नंबर पडलाय, साहेब. नंबर पडल्यावर कागद मागे घेता येत नाही. तुम्हीच शिकवलंय.”

तो शूर माणूस नव्हता. त्या दिवशी तो शूर झाला असंही नाही. “आधी जावकचाच शिक्का उचलला होता गं,” तो म्हणाला. “शिक्का दोनदा उलटा धरला मी.”

त्यानंतर काय व्हायचं ते झालं. आठवडाभरात नवऱ्याची नदीपलीकडच्या कचेरीत बदली झाली. ताईच्या हातात कंपनीने कागद ठेवला की नव्या वर्षापासून योजनेबाहेरच्या माणसांना काम देणं कंपनीला शक्य होणार नाही. मॅनेजरबाईने तिला शेवटचं बसवून घेतलं.

“ताई, राहिलेला पगार आणि बाकीची देणी कार्डावरच घेतलीत तर लगेच मिळतील. बँकेतून हवी असतील तर वेळ लागेल.”

“लागू दे वेळ.”

“तुम्हाला नक्की मिळालं काय यातून?” बाईने विचारलं. या वेळी तिच्या विचारण्यात कपट नव्हतं. ती खरंच गोंधळली होती, आणि दमलेलीही दिसत होती. तिच्या गळ्यातही निळं कार्ड लटकत होतं, हे ताईला तेव्हा दिसलं.

“काही मिळवायला नव्हते गेले मी,” ताई म्हणाली. “होतं तेवढं राखायचं होतं.”

वेळ लागला. किती खेटे घातले ते तिचं तिलाच ठाऊक. मजूर कचेरीत बाकावर बसून तिने सगळ्या पंख्यांच्या पाती मोजल्या. पण शेवटी पैसे आले. बँकेत, तिच्या नावावर, काही न कापता. तिने बँकेतून बाहेर येऊन कोपऱ्यावर उभ्या उभ्या चहा घेतला. आनंद व्हायला हवा होता, पण तिचे पाय दुखत होते आणि कधी एकदा आडवी होते असं झालं होतं.

जावयाचं सुपरवायझरपद दुसऱ्याला गेलं. लेकीचा फोन आला. “मिळालं ना तुला हवं ते?” एवढंच बोलून तिने ठेवला. मग बरेच महिने फोन नाही. ताई तिच्या फ्लॅटवर दोनदा गेली. खालच्या रखवालदाराने वर विचारून सांगितलं, घरात नाहीत. दुसऱ्यांदा तिला खिडकीत दिवा दिसत होता. तिने रखवालदाराला काही म्हटलं नाही. तो तरी काय करणार? हे दुःख मात्र तिला सगळ्यात जास्त पोखरत राहिलं. जिना, हौद, खेटे हे सगळं ती विसरली, हे नाही विसरली.

खोलीत ती आता दिवसभर बसत होती, खिडकी उघडी टाकून आणि यंत्र चालवून. जिन्यापाशी पाटी लावली. काम हळूहळू वाढलं, तरी चैन होईल इतकं नाही. महिनाअखेर ओढाताण ठरलेली. कंपनीच्या भांडारातही चष्मे मिळत होते, पण काडी तुटली की नवा चष्मा घ्या म्हणत. त्यामुळे तुटलेल्या काड्या घेऊन कार्डवाली माणसं तिच्याकडे येत आणि खिशातून चुरगळलेली नोट काढून देत. ती नोट त्यांनी कुठून आणली, हे ताई विचारत नसे.

एक दिवस बुटकी आली. जिन्यावरून तिचं डोकं आधी दिसलं, वर येईपर्यंत बराच वेळ दिसत राहिलं.

“माझं शिवणयंत्र विकायला सांगताहेत,” ती धापा टाकत म्हणाली. “फ्लॅटमध्ये चालत नाही म्हणे. आईला पैसे मी त्यातूनच पाठवत होते. तुझ्या त्या कोपऱ्यात ठेवू का? सुट्टीच्या दिवशी येऊन शिवत जाईन.”

“कळलं तर काढतील तुला.”

“काढतील,” बुटकी म्हणाली आणि पदराने गळ्याचा घाम पुसला. “ते मी रोजच म्हणते स्वतःला. म्हणून म्हणून कंटाळा आला.”

ताईने कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे मोडक्या फ्रेमांची खोकी होती.

“ठेव,” ती म्हणाली. “पण भाडं द्यायचं.”

बुटकीचा चेहरा पडला. “माझ्याकडून भाडं घेशील तू?”

“घेईन. थोडंसं का होईना, घेईन. फुकट ठेवलंस तर उद्या मी तुला दोन शब्द ऐकवीन आणि तू ऐकून घेशील. भाडं दिलंस तर तूही मला सांगू शकशील, गप्प बस म्हणून.”

बुटकीने पदर खोचला. मग म्हणाली, “भिंगताई, तू माणूस आहेस की वकील?” आणि खोकी उचलायला वाकली. उठताना छताला तिचं डोकं आपटलं.

नवरा आठवड्याच्या शेवटी यायचा. बसचा लांबचा प्रवास, पाय सुजलेले असायचे. तिकडे त्याला एका मावशींच्या घरी खोली मिळाली होती. स्वयंपाक हाताने करायचा; भात करपवायचा आणि तो कसा करपला हे ताईला तपशीलवार सांगायचा. नोकरीची दोन वर्षं राहिली होती. ती सोडून ये असं ती म्हणाली नाही, आणि तोही सोडतो म्हणाला नाही. दोघांनी मिळून ठरवलं ते एवढंच, की यापुढे कागद कुठलाही असो, ज्याची सही त्यानेच करायची. मग तो गॅसच्या पावतीचा का असेना.

अशाच एका रविवारी दुपारी तो सरळ खोलीवर आला. बुटकी शिवत होती. ती त्याला बघून उठली, “बसा भाऊजी, मी निघतेच,” म्हणाली आणि काम गुंडाळून गेली. त्याने चटई ओढली, भिंतीला टेकून पाय लांब केले.

“आज कोण कोण आलं होतं?” त्याने डोळे मिटून विचारलं.

“एक मास्तर आले होते, काच बदलायला. ती कोपऱ्यावरची नर्स, काडी सैल झाली म्हणून. आणि जावई आले होते.”

त्याने डोळे उघडले. “जावई? कशाला?”

“वाचायचा चष्मा तुटला म्हणाले. वर आले, तिथे उभे राहिले. मी करून दिला. पैसे देत होते, मी घेतले.”

“काही म्हणाले?”

“म्हणाले, ती बरी आहे. थोडी बारीक झालीय म्हणाले.” ताईने हातातली फ्रेम उलटसुलट केली. “मी येऊन भेटू का विचारलं, तर म्हणाले, अजून थोडे दिवस जाऊ द्या.”

“अजून म्हणाले?”

“हो. अजून थोडे दिवस, असं.”

नवऱ्याने मान हलवली. आणखी काही विचारायचं त्याच्या मनात होतं, पण तेवढ्यात त्याचा डोळा लागला. तोंड थोडं उघडं राहिलं. ताईने यंत्राच्या बटणाकडे नेलेला हात मागे घेतला. एक काच घासायची होती, ती उद्यावर टाकली. लहान स्क्रूड्रायव्हर घेतला, खिडकीजवळ सरकली आणि आवाज न करता बसवता येतील तेवढे स्क्रू बसवत राहिली.